मायनस की प्लस?

मागं तेजपूरच्या पोस्टिंगबद्दल लिहिताना एका कॅसेटचा ओझरता उल्लेख केला होता. आज तिची गोष्ट सांगतो. पण त्यासाठी तेजपूरहून आधी जोधपूरला यावं लागेल, आणि तिथल्या बाजारात एका दुकानदारानं मला विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

२००४ चा मे महिना. दुपारचे चार वाजले तरी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी आउटपास घेऊन शहरात कोऱ्या डीव्हीडी आणायला गेलो होतो. दुकानदारानं पंख्याखालून मान न हलवता विचारलं, "फौजी साहब, माइनस दूँ या प्लस?"

मी सिग्नलचा माणूस. बॅटरीची प्लस-मायनस टोकं मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. पण तबकडीलाही प्लस-मायनस असतं हे नवीन होतं.

"फर्क क्या है?"

"कोई चलती है, कोई नहीं चलती."

"कौनसी चलती है?"

"वो तो आपके प्लेयर पे है, साहब."

इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी उत्तर मी उभ्या नोकरीत फार थोड्या वेळा ऐकलंय. मी तसाच परत आलो, कारण हातात जे काम होतं ते चुकवून चालणार नव्हतं.

काम असं होतं. १९९८ मध्ये तेजपूरला आम्ही फॅमिली क्वार्टरमध्ये शेजारी राहत होतो, मी आणि माझ्या सेक्शनमधला एक नायक. तो सांगलीकडचा, मी साताऱ्याचा. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. माझ्या मेहुण्यानं दुबईहून आणलेला व्हिडिओ-८ चा कॅमेरा माझ्याकडे होता. सोनीनं १९८५ साली बाजारात आणलेला हा प्रकार. आठ मिलिमीटर रुंदीची टेप आणि तळहातात मावणारी कॅसेट, जुन्या जाणत्यांना आठवत असेल. मी शूटिंग सुरू केलं, पण पाचच मिनिटांत त्यानं कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "उस्ताद, द्या इकडं, मी काढतो." त्यानंतरची पस्तीस मिनिटं त्यानंच काढली. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये तो स्वतः जेमतेम दिसतो. ऐकू मात्र सारखा येतो. "इकडं बघ, सोन्या, इकडं." "अगं, टोपी सरळ कर की तिची." आणि मधेच मला, "उस्ताद, हे लाल बटण दाबून सोडायचं का दाबूनच धरायचं?"

२००२ मध्ये तो गेला. कुठं आणि कसा ते इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

दोन वर्षांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, ती वाढदिवसाची कॅसेट तुमच्याकडंच आहे ना? पोरगी विचारती, बाबांचा आवाज कसा होता. दादानं घरी डीव्हीडी घेतलाय. त्यात लावता येईल असं काही करून द्याल का?"

देतो म्हणालो. काळी ट्रंक उघडली. आसामच्या दमट हवेनं कॅसेटच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. तेव्हा कळलं की ही कॅसेट आता फार वेळा चालणार नाही. कॉपी काढायची तर एकदाच, आणि ती अशा तबकडीवर, जी सांगलीकडच्या त्या प्लेयरमध्ये चालेल आणि ती मुलगी मोठी होईपर्यंत टिकेल. म्हणून दुकानदाराचा प्रश्न मी मनावर घेतला. पुढचे काही आठवडे संध्याकाळी सायबर कॅफेत बसून याची चौकशी केली. जे कळलं ते सांगतो.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर घरोघर नाही तरी गल्लोगल्ली झाला. त्याआधी परदेशात सोनीचं बीटामॅक्स (१९७५) आणि जेव्हीसीचं व्हीएचएस (१९७६) यांची लढाई लागली होती आणि ती व्हीएचएसनं जिंकली. लग्नाच्या कॅसेटी आपण सगळ्यांनी व्हीएचएसवरच पाहिल्या. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. प्रत्येक वेळी लावली की हेडवर घासते, आणि कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र आणखी फिकट होतं. या दोन्ही दुखण्यांवर तबकडी हा उपाय होता. तिच्यावर फक्त उजेड पडतो, काही घासत नाही. आणि आकडेच साठवलेले असल्यानं दहावी प्रतही पहिलीसारखीच निघते.

पण बाजारातली सीडी साच्यातून छापून येते. घरच्या घरी लिहायची तबकडी ही निराळी वस्तू. ती १९८८ मध्ये जपानच्या तायो युदेन या कंपनीनं करून दाखवली. तिच्यात प्लास्टिकवर रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लिहिताना लेसर त्या थरावर डाग पाडतो, वाचताना मंद लेसर ते डाग मोजतो. म्हणजे जिला आपण "सीडी जाळणे" म्हणायचो, ते अक्षरशः जाळणंच होतं. ही रंगद्रव्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग १९९३ मध्ये व्हिडिओ सीडी आली. पाश्चात्त्य देशांत ती फारशी चालली नाही, पण आशियात तिनं धुमाकूळ घातला. फिरोझपूरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही छावणीबाहेरच्या टपरीवर व्हीसीडी भाड्यानं मिळायची. स्वस्त, आणि एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं. पण चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आपल्या पॅल टीव्हीवर ५७६ ओळी दिसतात, त्याच्या निम्म्या. जोधपूरच्या ज्या लग्नाच्या स्टुडिओत मी ही कॅसेट घेऊन गेलो, तो मालकही पहिल्यांदा हेच म्हणाला, "व्हीसीडी बनवा लो, सब जगह चलेगी." खरं होतं ते. पण एकदाच काढायच्या प्रतीत निम्म्या ओळी टाकून द्यायच्या, हे मला पटेना.

डीव्हीडीची कथा भांडणातून सुरू होते आणि भांडणातच राहते. १९९४-९५ मध्ये दोन छावण्या होत्या. सोनी आणि फिलिप्स एकीकडे, तोशिबा आणि तिचे साथीदार दुसरीकडे, दोघांची वेगवेगळी तबकडी. बीटामॅक्सची पुनरावृत्ती व्हायची चिन्हं होती. पण या वेळी आयबीएम आणि इतर संगणक कंपन्यांनी बजावलं की एकमत करा, नाहीतर दोन्ही नकोत. सप्टेंबर १९९५ मध्ये तह झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले प्लेयर विकायला आले.

तह झाला तो छापील तबकडीपुरता. लिहिण्याच्या तबकडीवर पुन्हा फाटलं. १९९७ मध्ये पायोनियरनं डीव्हीडी-आर आणली. हीच ती "मायनस". खरं तर ते वजाबाकीचं चिन्ह नव्हतंच, नावातली साधी जोडरेघ होती. प्लसवाले आले आणि त्या बिचाऱ्या रेघेचं मायनस झालं. त्या पहिल्या डीव्हीडी-आरमध्ये ३.९५ जीबी मावायचं आणि लिहिण्याचं यंत्र सुमारे १७ हजार डॉलरचं होतं. पुढं क्षमता ४.७ जीबी झाली, आणि २००१ मध्ये पायोनियरचा संगणकात बसवायचा ड्राइव्ह हजार डॉलरच्या आसपास आला. तिथून ही चीज घरगुती झाली.

दरम्यान फिलिप्स, सोनी, एचपी, रिको, यामाहा आणि मित्सुबिशी केमिकल यांनी १९९७ मध्येच निराळी चूल मांडली होती. त्यांची पुनर्लेखनाची डीव्हीडी+आरडब्ल्यू २००१ मध्ये आणि एकदाच लिहायची डीव्हीडी+आर २००२ मध्ये बाजारात आली. पॅनासॉनिकच्या गोटातून तिसरी डीव्हीडी-रॅम होतीच. तिच्यावर लाखभर वेळा पुसून लिहिता यायचं म्हणतात, पण आपल्याकडच्या प्लेयरमध्ये ती क्वचितच चालायची. तिला इथंच सोडून देऊ.

मायनस आणि प्लस दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्ही ४.७ जीबी, संगणक मोजतो त्या मापानं ४.३७. (कंपनीचं जीबी आणि संगणकाचं जीबी यांतला फरक म्हणजे रेशनच्या कागदावरचं वजन आणि लंगरातलं वजन. असो.) दोन्हींत तेच रंगद्रव्य, तोच लाल लेसर. फरक एवढाच की तबकडीवर आपण नेमके कुठं आहोत हे लेसरला कळायचं कसं. कोऱ्या तबकडीवर आधीच एक सर्पिल खाच कोरलेली असते, आणि ती किंचित नागमोडी असते. मायनसमध्ये दोन खाचांच्या मधल्या बांधावर छोटे खड्डे असतात, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारखे. प्लसमध्ये दगड नाहीत. खाचेची नागमोड खूप बारीक आणि जलद असते, आणि तिच्या वळणांतच पत्ता लिहिलेला असतो. प्लसची पद्धत अभियांत्रिकीच्या दृष्टीनं जास्त नेटकी, मधेच थांबून पुन्हा त्याच जागेपासून लिहायला सोयीची. सिग्नलचा माणूस म्हणून मला प्लस आवडली, हे कबूल करतो.

पण सांगलीकडच्या प्लेयरला माझ्या आवडीशी काय देणंघेणं? प्रत्येक तबकडीच्या सुरुवातीला ती कुठल्या जातीची हे सांगणारा एक संकेत असतो. जुने प्लेयर प्लसचा संकेत वाचून "हे काय ते मला ठाऊक नाही" म्हणत आणि तबकडी बाहेर टाकत. प्लसवाल्यांनी त्यावर तोड काढली होती. काही ड्राइव्हमध्ये लिहिताना तो संकेत बदलून "मी छापील डीव्हीडी आहे" असं नोंदवता यायचं. वेषांतरच म्हणा ना. मायनसला हे करता येत नव्हतं, पण ती वयानं मोठी, त्यामुळे जुने प्लेयर तिला बहुधा ओळखत. पुसून लिहायच्या तबकड्यांचं, म्हणजे आरडब्ल्यूचं, दुखणं वेगळं. त्यांच्यात रंगद्रव्याऐवजी धातूंचं मिश्रण असतं आणि त्यावरून उजेड फार कमी परततो. कित्येक प्लेयरना त्या दिसतच नसत.

२००२ च्या अखेरीस सोनीनं दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह काढला, बाकीच्यांनीही तेच केलं, आणि लढाई कुणीच न जिंकता विरली. म्हणजे मी जोधपूरच्या दुकानात उभा होतो तेव्हा ती खरं तर संपलेली होती. पण आघाडीवर बातमी उशिरा पोचते.

मी वहिनींना पीसीओवरून फोन करून सांगितलं की प्लेयरच्या खोक्यावर काय काय छापलंय ते दादांना वाचून दाखवायला सांगा. दादांनी एकेक अक्षर वाचलं. त्यात डीव्हीडी-आर होतं, प्लस नव्हतं. प्रश्न सुटला. मायनस.

मग पुन्हा दुकानात गेलो. तोवर आपल्या देशातच अशा तबकड्यांचे ढीग तयार होत होते. दिल्लीजवळची मोझर बेअर ही कंपनी १९८३ मध्ये वेळ नोंदवणाऱ्या यंत्रांपासून सुरू झाली, फ्लॉपीवरून सीडी-डीव्हीडीकडे वळली आणि जगातल्या मोठ्या तबकडी-उत्पादकांत जाऊन बसली. परदेशी नावांखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक तबकड्या मूळच्या नोएडाच्या असत. पुढं २००७ च्या सुमारास तिनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. २०१८ मध्ये ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. तबकडीच्या धंद्याचं सगळं आयुष्य असं एका माणसाच्या नोकरीत मावतं.

मी मात्र त्या दिवशी काय घेतलं? एक मायनस, सुटी, पन्नासच्या गठ्ठ्यातून काढून कागदी पाकिटात दिलेली, नाव-गाव नसलेली. आणि "असू दे" म्हणून एक प्लस. ती जरा महागाची, नावाजलेल्या कंपनीची, स्वतःच्या प्लास्टिकच्या डबीतली. प्लस घेण्यामागं काही शहाणपण नव्हतं. दुकानदाराकडे त्या कंपनीची मायनस नव्हती, एवढंच.

स्टुडिओत माझाच कॅमेरा नेला, कारण त्यांच्याकडे व्हिडिओ-८ चालवायला काही नव्हतं. कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी वायर त्यांच्या संगणकाला जोडली. पहिल्या वेळी बुरशीनं हेड भरला आणि चित्र बर्फासारखं झालं. पोरानं हेड पुसला. दुसऱ्या वेळी चाळीस मिनिटं सरळ निघाली, वरच्या कडेला एक थरथरती पट्टी सोडली तर. मी खुर्चीत बसून सगळं पाहिलं. स्टुडिओतला पोरगा मारवाडी, त्याला मराठी कळत नव्हतं. पण तो मधेच म्हणाला, "ये जो बोल रहे हैं, ये दिखते क्यों नहीं?" मी काही बोललो नाही.

मग मीच म्हणालो, एकदा परत घे, ती पट्टी जाते का बघू. तिथं माझी चूक झाली. तिसऱ्या वेळी टेप आत अडकली. काढेपर्यंत हातभर टेप चुरगळून कागदासारखी झाली होती. म्हणजे त्या दुपारनंतर तेजपूरचा तो दिवस फक्त त्या संगणकात होता, आणि संध्याकाळपर्यंत दोन तबकड्यांवर. संगणकातलं पोरानं लगेच पुसलं. एका तासाच्या डीव्ही फायलीला १३ जीबी लागायचे आणि त्यांची अख्खी हार्ड डिस्क ८० जीबीची, लग्नसराईत तो तरी काय करणार?

मायनस त्यानं घाईत सगळ्यात वरच्या वेगानं लिहिली आणि तिच्यावर कौतुकानं चिकटपट्टीचा रंगीत फोटो डकवला, मुलीचा, केकसमोरचा. छान दिसत होती. प्लस मी माझ्यासमोर सावकाश, कमी वेगानं लिहून घेतली आणि डबीत घातली. दोन्ही त्यानं नीट फायनलाइझ करून दिल्या, हे त्याचं श्रेय. ज्यांच्याकडे पुढं ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर शूटिंग करणारे कॅमेरे आले, त्यांतल्या कित्येकांनी हे शेवटचं बटण दाबलंच नाही. त्यांच्या तबकड्या कॅमेऱ्याबरोबरच मुक्या झाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी मायनस स्वतः नेऊन दिली. वहिनींच्या माहेरी सोप्यात सगळे बसले होते. प्लेयरनं तबकडी घेतली, दोनदा घरघरला, आणि लागली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "बाबा दिसत का नाहीत?" वहिनी म्हणाल्या, "ते कॅमेरा धरून आहेत गं."

त्यानंतर पंधरा वर्षं मी त्या तबकडीचा विचार केला नाही. मी रिटायर होऊन गावी आलो. २०१९ मध्ये वहिनींचा फोन. मुलीचं लग्न ठरलं होतं. तिला वडिलांचा आवाज हवा होता, आणि तबकडी लागत नव्हती. मी गेलो. ती त्यांच्या फोटोखाली, देवघराशेजारच्या खिडकीत उभी करून ठेवलेली. वहिनींच्या दृष्टीनं घरातली सगळ्यात मानाची जागा. पश्चिमेचं ऊन रोज तिच्यावर यायचं. चिकटवलेल्या फोटोच्या कडा उचकटल्या होत्या आणि तबकडी नुसत्या डोळ्यांनी दिसावी इतकी वाकली होती. उजेडात धरली तर लिहिलेल्या भागात फिकट ढग. मी चार वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. एकाही ड्राइव्हनं ती ओळखली नाही.

आता त्या रंगद्रव्याकडे येऊ. ज्या थरावर लेसर डाग पाडतो, तो उजेडानंच बदलणारा असतो. ऊन म्हणजे त्याच्यासाठी मोठा, सावकाश लेसर. उष्णता आणि दमटपणा त्यात भर घालतात. थर कुठल्या जातीचा आणि किती नीट पसरलेला, यावर तबकडी दोन वर्षं टिकते की तीस, हे ठरतं, आणि खोक्यावर ते कुणीच छापत नाही. खोक्यावर छापलेलं असतं मायनस, प्लस, ८एक्स, १६एक्स. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २००३ मध्येच एक मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात स्पष्ट सांगितलं होतं: तबकडी उभी, अंधारात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, डीव्हीडीवर चिकटपट्टी लावू नका, लिहायचंच तर पाण्याच्या शाईनं लिहा. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. वर कागद डकवला की तो हवेबरोबर आकसतो, फुगतो, आणि तबकडीला ओढतो. ही मार्गदर्शिका माझ्या जोधपूरच्या फेरीच्या आदल्या वर्षीची. मी सायबर कॅफेत कितीतरी संध्याकाळी मायनस-प्लसचं भांडण वाचण्यात घालवल्या, आणि ही चार वाक्यं वाचली नाहीत.

वहिनींना मी हे काही सांगितलं नाही. फोटो त्या पोरानं डकवला, पण मी समोर उभा राहून कौतुक केलं होतं. नाव-गाव नसलेली सुटी तबकडी मीच घेतली होती. आणि तिसऱ्यांदा टेप चालवायला मीच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडं एक आहे. थांबा."

प्लस त्या काळ्या ट्रंकेतच होती. जोधपूरहून लेह, लेहहून पुणे, पुण्याहून गाव, लोकरीच्या मोज्यांच्या गठ्ठ्यात, डबीत, अंधारात. जुन्या लॅपटॉपमध्ये घातली तर यादी दिसली, पण अकराव्या मिनिटाला अडकली. पुतण्याकडे बाहेरून जोडायचा दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह होता, त्यात घातली. पहिले दहा मिनिटं फक्त घरघर. मग अकरावं मिनिट हळूहळू सरकलं, आणि पुढं चाळीसही निघाली. ड्राइव्ह-ड्राइव्हमध्ये एवढा फरक असतो हेही तेव्हाच शिकलो. एकानं नाही म्हटलं म्हणून तबकडी टाकू नये.

यावरून प्लस बरी आणि मायनस वाईट असा निष्कर्ष कुणी काढू नका. दोन्ही तबकड्यांची कंपनी वेगळी, लिहिण्याचा वेग वेगळा, एकीवर चिकटपट्टी, दुसरीवर नाही, एक उन्हात, दुसरी अंधारात. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर दोष कशाचा हे सांगता येत नाही. माझा अंदाज उन्हावर आणि त्या नावहीन मालावर आहे. चिन्हाचा त्यात काही संबंध असेल असं मला वाटत नाही.

आज ज्यांच्या ट्रंकेत अशा कॅसेटी किंवा तबकड्या आहेत, ते विचारतात की आता काय करायचं. पहिल्यांदा, आहे ते हार्ड डिस्कवर काढून घ्या, आजच. तबकडीवरच ठेवायचं असेल तर रंगद्रव्य नसलेल्या तबकड्या मिळतात. एम-डिस्क त्यांतली एक. तिच्यात रंगाऐवजी दगडासारखा निर्जीव थर असतो आणि लेसर त्यात कायमचा डाग कोरतो. २००९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या चायना लेक इथल्या प्रयोगशाळेनं ८५ अंश उष्णतेत, ८५ टक्के दमटपणात आणि प्रखर उजेडात तिची इतर तबकड्यांबरोबर परीक्षा घेतली. त्यात ती टिकली, रंगद्रव्याच्या टिकल्या नाहीत. कंपनीनं मग हजार वर्षांची जाहिरात केली. तपासायला कोण जाणार? ती कंपनी स्वतः दहा वर्षंही धड टिकली नाही, पण तबकडी दुसऱ्या कंपन्यांनी चालू ठेवली. लिहायला तिला चालणारा ड्राइव्ह लागतो, तेवढं बघून घ्या. साधी ब्लू-रे बीडी-आरसुद्धा बहुतेक रंगद्रव्याची नसते. पण स्वस्तात रंगद्रव्याचीही येते, तेव्हा विचारून घ्या. आणि जे काही घ्याल ते फार दिवस मिळेल असं धरू नका. शेवटचे व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये बंद केले, तायो युदेननं २०१५ च्या अखेरीस तबकड्या सोडल्या, आणि सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहायच्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं.

तेजपूरचा वाढदिवस आता चार ठिकाणी आहे. वहिनींच्या घरी हार्ड डिस्कवर, मुलीच्या फोनमध्ये, माझ्या लॅपटॉपवर आणि एका एम-डिस्कवर, जी ट्रंकेत मोज्यांच्या गठ्ठ्यात परत गेली आहे. चुरगळलेली कॅसेटही ठेवली आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मुलीनं सगळ्यांना बसवून ते चाळीस मिनिटं लावलं. टोपी सरळ करण्याचं वाक्य आलं तेव्हा वहिनी टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "केली होती की सरळ. यांना दिसलंच नाही."

माझ्याकडे अजून सहा व्हिडिओ-८ कॅसेटी आहेत. तेजपूरच्या दोन, लेहच्या बडाखान्याच्या तीन, आणि एकीवर काय आहे ते मलाच आठवत नाही. माझा कॅमेरा त्या दुपारनंतर पुन्हा चालला नाही. १९९९ नंतरचे बरेच डिजिटल-८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ-८ कॅसेटी वाचतात आणि सरळ संगणकाला आकड्यांत देतात. साताऱ्या-सांगलीकडे कुणाच्या माळ्यावर असा चालू कॅमेरा असेल तर मला सांगा. मी स्वतः घ्यायला येईन, आणि या वेळी टेप एकदाच चालवीन.